कोठीतलं मौन

"मालननं वांगं सोडलं," आत्याबाई म्हणाल्या. "तू काय सोडतीस ते सांग, म्हणजे मी मोकळी झाले."

आषाढातली दशमी होती. दुसऱ्या दिवशीच्या उपासासाठी आम्ही तिघी स्वयंपाकघरात भाजलेल्या शेंगदाण्यांची फोलपटं पाखडत बसलो होतो. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे बार्शीला सासूला आत्याबाईच म्हणायचे. मालन माझी धाकटी जाऊ. चातुर्मासाचा नेम घरातल्या प्रत्येक बाईनं घ्यायचा आणि तो दशमीला आत्याबाईंपुढं बोलून दाखवायचा, अशी त्या घरची रीत होती. मालनला वांगं लहानपणापासून आवडत नाही. दरवर्षी ती वांगंच सोडायची, आणि दरवर्षी आत्याबाई गंभीरपणे मान डोलवायच्या.

"मी मौन धरते," मी म्हणाले. "रोज एक तास."

मालनच्या हातातलं सूप थांबलं.

"तू?" आत्याबाई म्हणाल्या.

त्यांना नवल वाटलं ते बरोबरच होतं. सातारच्या माहेराहून मी आणलेल्या वस्तूंपैकी माझं तोंड तेवढं अजून झिजलेलं नाही, असं त्या पाहुण्यांना सांगायच्या.

"दुपारी दोन ते तीन," मी म्हणाले. "वरच्या कोठीत बसेन. पोथी घेऊन."

"तीन महिने टिकायची न्हाईस."

"चार महिने टिकते. बघा तुम्ही."

आत्याबाईंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पुन्हा सूप हातात घेतलं. नेम झाला.

खरं सांगायचं तर मला मौनाशी काही देणंघेणं नव्हतं. मला कादंबरी लिहायची होती. पुण्याच्या एका प्रकाशनानं पहिल्या कादंबरीसाठी स्पर्धा जाहीर केली होती. एकतीस ऑक्टोबरपर्यंत हस्तलिखित पोचवायचं. डब्याला गुंडाळून आलेल्या कागदावर ती जाहिरात मी वाचली, कागद घडी करून मसाल्याच्या डब्याखाली ठेवला आणि त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. लग्नाआधी मी लिहायचे. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि या अकरा वर्षांत किराणाच्या याद्या सोडून मी काही लिहिलं नव्हतं. आता नाही तर कधीच नाही, हे मला पक्कं कळलं होतं, आणि त्याची भीती वाटत होती.

आमचं घर अकरा माणसांचं. बाजारात भांड्यांचं दुकान, दोन भाऊ तिथं, त्यांचे डबे, पाच पोरं, सासरे, आला-गेला. मी वही घेऊन बसायचा प्रयत्न केला नव्हता असं नाही. चारदा केला. चारही वेळा कुणीतरी येऊन विचारलं, काय करतेस. मी म्हटलं, लिहितेय. मग चारही वेळा पुढचं वाक्य एकच होतं: "म्हणजे काही करत नाहीस ना? मग जरा..." त्या 'जरा'मध्ये एकदा पाच किलो लसूण होता.

म्हणून मौन.

वरची कोठी म्हणजे दुकानाचा जादा माल ठेवायची खोली. पितळेचे हंडे, कळश्या, परातींच्या चळती, काही उघडं, काही गवतात आणि पोत्यात गुंडाळलेलं. एक खिडकी, एक सतरंजी. एकादशीला दोन वाजता मी पोथी घेऊन आत गेले, दार लोटलं, परातींच्या चळतीमागून वही काढली आणि पहिलं वाक्य लिहिलं. मग ते खोडलं. तीन वाजता बाहेर आले तेव्हा माझ्याकडे सहा ओळी होत्या आणि मला इतका आनंद झाला होता की मी न सांगता सगळ्यांना दुसऱ्यांदा चहा केला.

मला वाटलं होतं, पहिल्याच आठवड्यात कुणीतरी दार ठोठावेल. पण आत्याबाईंनी सगळ्या घराला एकत्र बसवून सांगितलं, "मौनातल्या बाईला हाक मारली, तर दोष हाक मारणाराला लागतो." हे कुठं लिहिलंय, असं सासऱ्यांनी विचारलं. "लिहिलंय," आत्याबाई म्हणाल्या, आणि विषय संपला. देवाधर्माच्या बाबतीत त्यांना कुणी दाखला मागायचं नाही, हेही त्या घरात ठरलेलं होतं.

हे, म्हणजे माझे यजमान, एकदा जिन्यात उभे राहून दहा मिनिटं नुसते खोकले. त्यांना गॅसचं कार्ड सापडत नव्हतं. हाक मात्र मारली नाही. माझ्या मुलीनं, वैजूनं, दाराखालून चिठ्ठी सरकवली: "आई, शेखरनं माझ्या कंपासमधलं सगळं हौदात टाकलं. मी त्याला मारू का? हो किंवा नाही एवढंच लिही." मी 'नाही' लिहून चिठ्ठी परत सरकवली. वैजू ती घेऊन आजीकडे गेली, आपण शेखरला मारलं नाही याचा पुरावा म्हणून.

संध्याकाळी आत्याबाईंनी मला बाजूला घेतलं.

"हातानं बोललं तरी ते बोलणंच. मौनात लिहायचं न्हाई."

"बरं," मी म्हणाले.

तेव्हा माझं बासष्टावं पान चालू होतं. मला लाज वाटली, का खोटं बोलू. देवाच्या नावावर मी घराला फसवत होते आणि घर माझ्यासाठी जिन्यातून पाय न वाजवता चाललं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पोळ्या लाटतानाच मी दोन वाजायची वाट बघायला लागले, आणि लाज मागं पडली.

श्रावण असा गेला, भादवा असा गेला. गणपतीत आणि पितृपंधरवड्यात दोनाचे अडीच झाले, पण तास चुकला नाही. कादंबरीतली बाई एका गावाहून दुसऱ्या गावी चालली होती आणि माझे दिवस बरे जात होते. आणि तिथंच घात झाला.

गल्लीत बोलणं सुरू झालं की डहाळ्यांच्या थोरल्या सुनेच्या तोंडावर तेज आलंय. तेज कसलं, कोठीत उकडायचं. पण आत्याबाईंनी ते बोलणं मोडून काढलं नाही. उलट देवळात चार बायकांना सांगितलं, "एवढी भांडखोर पोरगी, पण मौनानं कशी निवळली बघा." मग एक दिवस शेजारची इंदू आली. इंदूचा नवरा दवाखान्यात कंपाउंडर होता, घरात सासू-सासरे, तीन दीर, दोन पोरी. इंदू इतकं हळू बोलायची की तिचं मौन आणि तिचं बोलणं यांत फार अंतर नव्हतं.

"आत्याबाई," ती म्हणाली, "मी बसू का वर? शैलावहिनींबरोबर? त्यांना त्रास नाही द्यायची."

"बस की," आत्याबाई म्हणाल्या. "पुण्याचं काम."

मी तिथंच उभी होते. नाही म्हणायला मला कारण सुचेना.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता इंदू माझ्यासमोर मांडी घालून बसली. तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या आणखी दोघी आल्या. आठवडा संपायच्या आत पाच झाल्या, आणि मग आत्याबाई स्वतः आल्या, सतरंजीच्या मधोमध बसल्या. आम्ही सात बायका पितळी भांड्यांत गप्प बसायला लागलो. कुणाचा पाय जरा हलला की कळशीला लागायचा आणि खोलीभर घुमायचं.

वही परातींच्या मागं होती, माझ्या हाताच्या अंतरावर. मी पोथी उघडून बसायचे. इंदू समोर असल्यामुळं मला मधूनमधून पान उलटावं लागायचं.

तीन प्रकरणं राहिली होती. ऑक्टोबरची पाच तारीख, मग सहा, मग आठ. दुसरी वेळ मिळते का, ते मी बघितलं. पहाटे उठले तर सासऱ्यांचा काढा. दुपारी साडेतीनला पोरं. तो एक तासच तेवढा माझा होता आणि तोही मी स्वतःच्या हातानं सहा बायकांत वाटून टाकला होता. त्या डोळे मिटून शांत बसायच्या आणि त्यांच्याकडे बघून माझ्या मनात जे विचार यायचे, ते मौन होतं म्हणून बरं.

नऊ दिवस मी अशी बसले. दहाव्या दिवशी पोथी बंद केली. परातींच्या मागं हात घालून वही काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि सगळ्यांसमोर लिहायला लागले.

इंदूनं डोळे उघडले. मग बाकीच्यांनी. आत्याबाईंनी वहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी ते मिटून घेतलं.

कुणी काही बोलू शकत नव्हतं. मला हे आधी सुचलं कसं नाही, याचं मला आजही नवल वाटतं. त्या दिवसाच्या पहिल्या चार ओळी मी इतक्या घाईनं लिहिल्या की पुढं मलाच वाचता आल्या नाहीत. तीन वाजले की काय होणार, ते मला दिसत होतं. गल्लीत नाव जाणार, घरात बोलणी बसणार, वही बहुतेक चुलीत जाणार. म्हणून तीन वाजेपर्यंत जेवढं होईल तेवढं लिहून घेऊ, असं म्हणून मी मान खाली घालून लिहीत राहिले. आत्याबाईंची नजर माझ्या हातावर होती. तासभर त्यांनी ती हलवली नाही. माझी पावणेचार पानं झाली.

खालच्या घड्याळात तीनचे ठोके पडले. सगळ्या आत्याबाईंकडे बघत होत्या.

"ऊठ," आत्याबाई मला म्हणाल्या. "चहा टाक."

संध्याकाळी त्या मागच्या अंगणात गवार मोडायला बसल्या आणि मला समोर बसवलं.

"काय लिहितीस?"

"गोष्ट. मोठी. कादंबरी म्हणतात."

"कवापासनं?"

"पहिल्या दिवसापासून."

चार शेंगा मोडून झाल्या.

"कुणाची गोष्ट?"

"एक बाई असते. ती घर सोडून निघते."

"कुठं?"

"तेच नीट ठरत नाहीये. शेवटची तीन प्रकरणं राहिलीत."

"पोरं?"

"नाहीत तिला."

"मग त्यात काय अवघडंय," आत्याबाई म्हणाल्या.

मला फार राग आला. त्यांनी चार शेंगांत जे ओळखलं होतं, ते मला तीन महिन्यांत कळलं नव्हतं.

"तुम्हाला आधी सांगितलं असतं," मी म्हणाले, "की मला लिहायला रोज एक तास पाहिजे. तर दिला असतात?"

"न्हाई."

विचार करायला त्या क्षणभरही थांबल्या नाहीत. निदान खरं बोलल्या.

"मग आता?"

"आता काय. नेम घेतलाय. मोडता येत न्हाई."

"आणि त्या बायका? मी त्यांना फसवलं. त्या बिचाऱ्या देवासाठी येऊन बसतात आणि मी..."

आत्याबाईंनी शेंग खाली ठेवली.

"त्यांच्या घरी देव न्हाई व्हय?" त्या म्हणाल्या. "सगळ्यांच्या घरी देव्हारा हाय. देव्हाऱ्यापुढं बसलं तर घरची हाक मारत्यात. हितं बसलं तर मारत न्हाईत."

इतके दिवस मला वाटत होतं, त्या माझं तेज बघायला येतात. थोडं वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी कादंबरीतल्या बाईला एक मुलगी दिली आणि तीन प्रकरणांची पाच झाली. समोर इंदूनं पदराखालून पेन्सिल आणि कॅलेंडरचं जुनं पान काढलं आणि त्याच्या मागच्या बाजूला वेली काढायला लागली. इतकी नाजूक रेघ होती तिची की माझा हात थांबला. कासारवाड्याच्या तोंडाशी राहणारी एक बाई आपल्या मुलाचं सातवीचं भूगोलाचं पुस्तक घेऊन आली होती. ते तिनं पुढच्या दहा दिवसांत पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. दुसरी नुसती खिडकीतून बाहेर बघायची. आणि आत्याबाई पोत्याला डोकं टेकून झोपल्या. लग्न झाल्यापासून त्या दुपारी कधी आडव्या झालेल्या कुणी पाहिलं नव्हतं. पाच मिनिटांत घोरायला लागल्या.

तीन वाजता इंदूनं हळूच विचारलं, "आत्याबाई, घोरलं तर मौन मोडतं का हो?"

"घोरणं बोलणं न्हवं," आत्याबाई म्हणाल्या.

नाराज होती ती एकटी मालन. एकदा कपडे वाळत घालताना ती मला म्हणाली, "तुम्ही सगळ्या वर जाता, ताई, आणि हाका सगळ्या माझ्या वाट्याला येतात. दोन ते तीन या घरात मी एकटीच बाई असते." तिचं खरं होतं. मी ते ऐकलं आणि काहीही केलं नाही, कारण पाच प्रकरणं राहिली होती. त्याबद्दल मी अजूनही तिच्याशी नीट बोललेले नाही.

अठ्ठावीस तारखेला मी शेवटचं वाक्य लिहिलं. एकोणतीसला पार्सल केलं आणि पुण्याला निघालेल्या पाहुण्याच्या हातात दिलं. पुढं फेब्रुवारीत ते परत आलं. बक्षीस मिळालं नव्हतं. सोबत दोन ओळींची चिठ्ठी होती: मुलीचं पात्र जिवंत उतरलं आहे, लिहीत राहावं. पण ते पुढचं.

त्या वेळी मात्र पार्सल गेलं आणि मला वाटलं होतं तसं सुटल्यासारखं वाटलं नाही. माझ्या डोक्यात दुसरी गोष्ट सुरू झाली होती, आणि कार्तिकी तोंडावर आली होती. द्वादशीला नेम सुटणार. मग दोन वाजता मी लसूण सोलत असणार. इंदू तिच्या दिरांचे शर्ट धूत असणार. आत्याबाईंना मी विचारून बघितलं, "हा तास पुढं चालू ठेवला तर?" त्या म्हणाल्या, "चातुर्मास चार महिन्यांचाच असतो, शैला." मला रडू आलं, आणि आत्याबाईंनी ते बघितलं, आणि त्या दुसऱ्या कामाला लागल्या.

द्वादशीला सकाळी गुरुजी आले. मौनाच्या सांगतेला घंटा दान करतात. दुकान घरचंच, त्यामुळं आत्याबाईंनी सातही जणींसाठी घंटा मागवून घेतल्या होत्या. माजघरात पाट मांडले. पुरुष माणसं पलीकडे ओसरीवर पारण्याच्या जेवणाची वाट बघत बसली होती.

आधी मालनची पाळी. वांग्याची भाजी ताटात ठेवून ती बसली. गुरुजी म्हणाले, "म्हणा, मी घेतलेला नेम आज पुरा झाला. तो मी सोडते." मालननं म्हटलं, आणि गुरुजींनी तिच्यावर अक्षता टाकल्या. तोंडानं 'सोडते' म्हटल्याशिवाय नेम सुटत नाही. वांग्याचा घास तिनं तोंडात घालून कसाबसा गिळला.

मग आम्ही सात जणी रांगेत बसलो, पुढ्यात एकेक घंटा. पहिल्या पाटावर आत्याबाई, त्यांच्या शेजारी मी, मग इंदू, मग बाकीच्या.

"म्हणा," गुरुजी म्हणाले, "मी घेतलेला नेम आज पुरा झाला. तो मी सोडते."

पहिल्यांदा थोरलीनं म्हणायचं, मग इतरांनी. आम्ही आत्याबाईंकडे बघितलं. त्या समोर भिंतीकडे बघत होत्या. ओठ मिटलेले होते.

गुरुजींना वाटलं, ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा मोठ्यानं म्हटलं. इंदूनं मान खाली घातली होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, पण तिचेही ओठ हलले नाहीत. पलीकडची भूगोलवाली आपल्या घंटेकडे बघत बसली होती.

"आई, म्हण की गं," ओसरीवरून ह्यांचा आवाज आला. "पानं खोळंबलीत."

मालन अजून तिच्या पाटावरच होती. तिनं वांग्याचं ताट बाजूला सारलं, पाट उचलला, आणि आमच्या रांगेच्या शेवटी आणून मांडला. तिच्या पुढ्यात घंटा नव्हती. ती तशीच बसली आणि तिनंही तोंड मिटून घेतलं.

गुरुजींनी आठही जणींवरून एकदा नजर फिरवली. मग मूठभर अक्षता परत ताटात ठेवल्या आणि आपली पिशवी आवरायला घेतली.